जी-२० चे ठराव बंधनकारक नसतात, तर ते अमलात येतात कसे?

मूळ प्रश्न
पूर्वपक्ष :

आंतरराष्ट्रीय वित्तीय समन्वयावर एक टिपण तयार करताना एका प्रश्नापाशी येऊन थांबलो आहे आणि जाणकारांनी त्यावर प्रकाश टाकावा, अशी विनंती आहे. आशियाई वित्तीय संकटानंतर १९९९ साली प्रमुख विकसित आणि उदयोन्मुख देशांचे अर्थमंत्री आणि मध्यवर्ती बँकांचे गव्हर्नर यांचा गट म्हणून जी-२० ची स्थापना झाली आणि त्याची पहिली बैठक त्या वर्षी डिसेंबरात बर्लिनमध्ये भरली. २००८ च्या संकटात त्याला राष्ट्रप्रमुखांच्या शिखर परिषदेचे स्वरूप आले आणि २००९ च्या पिट्सबर्ग परिषदेत आंतरराष्ट्रीय आर्थिक सहकार्याचे प्रमुख व्यासपीठ म्हणून त्याला मान्यता मिळाली. मात्र या गटामागे कोणताही करार नाही, सनद नाही, कायमस्वरूपी सचिवालय नाही. दरवर्षी अध्यक्षपद बदलते आणि संयुक्त निवेदनाचे पालन न करणाऱ्या सदस्यावर कारवाई करण्याची काहीही तरतूद नाही.

माझी नेमकी अडचण सोल परिषदेबाबत आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये तिथे दोन मोठ्या निर्णयांवर शिक्कामोर्तब झाले. एक होता बँकांच्या भांडवलाविषयीचा बासेल-३ आराखडा आणि दुसरा होता आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतील कोट्याची, म्हणजे सदस्य देशांच्या भांडवलातील आणि मतांतील वाट्याची फेरवाटणी. पहिल्या निर्णयाची अंमलबजावणी २०१३ पासून अनेक देशांत सुरू झाली, तर दुसरा निर्णय प्रत्यक्षात यायला जानेवारी २०१६ उजाडले. व्यासपीठ तेच, नेते तेच आणि निवेदनही तेच असताना दोन निर्णयांच्या नशिबी इतका फरक का यावा? याच्याशी जोडलेला दुसरा प्रश्न असा की, उदयोन्मुख अर्थव्यवस्थांना जी-२० मधील खुर्चीचा प्रत्यक्ष लाभ किती होतो?

प्रतिसाद १
दप्तरी :

निवेदनावर सह्या कोणाच्या आहेत, यापेक्षा अंमलबजावणीचा अधिकार कोणाच्या हाती आहे, हे पाहिल्यास उलगडा होतो. जी-२० स्वतः काहीच अमलात आणत नाही. ते कामे वाटून देते, आणि ज्या संस्थेकडे काम जाते तिच्या अधिकारांवर त्या कामाचे भवितव्य ठरते.

बासेल-३ चा मार्ग सोपा होता, कारण तो संसदांच्या दारातून फारसा जात नव्हता. १९७४ मध्ये पश्चिम जर्मनीतील हेरस्टाट बँक बुडाल्यानंतर दहा प्रमुख औद्योगिक देशांच्या गव्हर्नरांनी बँक पर्यवेक्षणाची जी समिती नेमली, तीच आजची बासेल समिती. तिलाही कायदेशीर अधिकार नाहीत. पण तिच्या टेबलाभोवती बसणाऱ्या बहुतेकांना आपापल्या देशात बँकांचे नियमन करण्याचा अधिकार आधीपासूनच कायद्याने मिळालेला असतो. त्यामुळे तिथे मान्य केलेला मजकूर मायदेशी परतल्यावर परिपत्रकाच्या रूपाने काढता येतो. भारतीय रिझर्व्ह बँकेने तेच केले. मे २०१२ मध्ये तिने मार्गदर्शक तत्त्वे जारी केली आणि १ एप्रिल २०१३ पासून टप्प्याटप्प्याने ती लागू केली. शिवाय जोखीमभारित मालमत्तेच्या (म्हणजे जोखमीनुसार भार देऊन मोजलेल्या कर्जांच्या आणि गुंतवणुकीच्या) ८ टक्के किमान भांडवलाचे आंतरराष्ट्रीय प्रमाण असताना तिने भारतीय बँकांसाठी ९ टक्क्यांची अट कायम ठेवली. आंतरराष्ट्रीय मानक हे किमान असते, कमाल नव्हे, ही गोष्ट चर्चेत अनेकदा निसटते.

कोट्याच्या प्रश्नाचे तसे नव्हते. ती फेरवाटणी नाणेनिधीच्या कार्यकारी मंडळाच्या रचनेत बदल करणाऱ्या घटनादुरुस्तीशी जोडलेली होती, आणि अशा दुरुस्तीला एकूण मतांपैकी ८५ टक्के मतांची संमती लागते. अमेरिकेची मते १६ टक्क्यांहून थोडी अधिक असल्याने तिच्या होकाराशिवाय हा आकडा गाठणे अशक्य आहे. तिच्या राष्ट्राध्यक्षांनी सोलमध्ये मान तुकवली, पण अमेरिकी संसदेची, म्हणजे काँग्रेसची, मंजुरी मिळायला डिसेंबर २०१५ लागला. त्यानंतर एकूण कोटा दुप्पट होऊन सुमारे ४७७ अब्ज एसडीआरवर (एसडीआर म्हणजे नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) गेला, ६ टक्के बिंदूंहून अधिक वाटा उदयोन्मुख आणि विकसनशील देशांकडे सरकला आणि भारत अकराव्या क्रमांकावरून आठव्या क्रमांकावर आला. म्हणजे लाभ झाला, पण पाच वर्षे उशिरा, आणि तोही अशा वेळी की दरम्यानच्या काळात चीनची अर्थव्यवस्था या फेरवाटणीच्या पुष्कळ पुढे निघून गेली होती.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाबाबत मला असे वाटते की, खरा लाभ शिखर परिषदेतील खुर्चीत नाही, तर तिच्यामुळे उघडलेल्या खालच्या दालनांत आहे. १९८८ चे बासेल-१ आणि २००४ चे बासेल-२ ठरले तेव्हा भारत, चीन किंवा ब्राझील यांपैकी कोणीही समितीचे सदस्य नव्हते, तरीही नियम सगळ्यांनी स्वीकारले. भारतात नरसिंहम समितीच्या शिफारशींनंतर १९९२ पासून भांडवल पर्याप्ततेचे निकष लागू झाले, ते दुसऱ्यांनी आखलेले होते. २००९ मध्ये हे चित्र पालटले. बासेल समितीचे दरवाजे या देशांना उघडले गेले आणि सात प्रगत औद्योगिक देशांच्या जी-७ गटाने १९९९ मध्ये स्थापन केलेल्या वित्तीय स्थैर्य मंचाचे लंडन परिषदेत वित्तीय स्थैर्य मंडळात रूपांतर झाले, तेव्हा जी-२० चे सर्व सदस्य त्यात आले. भारताच्या वतीने तिथे अर्थ मंत्रालय, रिझर्व्ह बँक आणि सेबी असे तिघे बसतात. मसुदा तयार होत असताना आक्षेप नोंदवणे आणि तयार नियम टपालाने येणे यांत किती अंतर आहे, हे ज्यांनी असे मसुदे हाताळले आहेत त्यांना वेगळे सांगायला नको.

प्रतिसाद २
गंगाजळी :

दप्तरी यांचे विवेचन नियमनापुरते मान्य आहे. पण वित्तीय धोरणाचा समन्वय म्हणजे केवळ बँकांचे भांडवल नव्हे. उदयोन्मुख देशांना सर्वाधिक झळ ज्या गोष्टीची बसते, ती म्हणजे राखीव चलन असलेल्या देशांचे व्याजदर आणि त्यामागून येणारे-जाणारे भांडवल, आणि त्या बाबतीत या व्यासपीठांचा इतिहास निराशाजनक आहे.

पूर्वी असा समन्वय झालाच नाही, असे नाही. २२ सप्टेंबर १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांच्या अर्थमंत्र्यांनी डॉलर खाली आणण्याचे ठरवले आणि तो खाली आलाही. अर्थात डॉलरची घसरण त्या वर्षीच्या सुरुवातीलाच सुरू झाली होती, त्यामुळे श्रेय किती द्यायचे, यावर मतभेद आहेत. १९८७ च्या लूव्र करारात ही घसरण थांबवण्याचे ठरले, ते फार काळ टिकले नाही. तरी तिथे देश मोजके होते आणि त्यांचे सामरिक हितसंबंध बव्हंशी एक होते. वीस जणांच्या टेबलावर ते शक्य झाले नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये दक्षिण कोरियातील ग्योंगजू येथे भरलेल्या जी-२० अर्थमंत्र्यांच्या बैठकीपूर्वी अमेरिकेचे अर्थमंत्री टिमथी गाइटनर यांनी चालू खात्यावरील शिल्लक किंवा तूट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ४ टक्क्यांच्या आत ठेवण्याची कल्पना मांडली. मोठी शिल्लक असलेल्या जर्मनीला आणि चीनला ती मानवली नाही आणि अखेरीस हाती आली ती केवळ सूचक मार्गदर्शक तत्त्वे.

आता २०१३ कडे पाहा. २२ मे रोजी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष बेन बर्नान्के यांनी रोखे खरेदी कमी करण्याची शक्यता बोलून दाखवली आणि पुढच्या काही आठवड्यांत भारत, इंडोनेशिया, ब्राझील, तुर्कस्तान आणि दक्षिण आफ्रिका यांच्या चलनांची घसरगुंडी झाली. सप्टेंबरात जी-२० च्या सेंट पीटर्सबर्ग परिषदेने धोरणबदल काळजीपूर्वक करण्याचे आणि ते स्पष्टपणे जाहीर करण्याचे आश्वासन दिले. पण फेडरल रिझर्व्हला कायद्याने सोपवलेले काम अमेरिकेतील रोजगार आणि अमेरिकेतील किंमतपातळी यांपुरते आहे, आणि दुसऱ्या देशाच्या चलनाची चिंता तिने करावी, अशी अपेक्षा कोणतेही संयुक्त निवेदन तिच्यावर लादू शकत नाही. जानेवारी २०१४ मध्ये रघुराम राजन यांनी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर या नात्याने आंतरराष्ट्रीय चलनविषयक सहकार्य मोडकळीस आल्याचे जाहीरपणे म्हटले, ते या पार्श्वभूमीवर.

त्याहून बोलका पुरावा चलन अदलाबदलीच्या व्यवस्थेत, म्हणजे मध्यवर्ती बँका एकमेकींना आपले चलन ठरावीक मुदतीसाठी देतात त्या सोयीत सापडतो. २९ ऑक्टोबर २००८ रोजी, म्हणजे वॉशिंग्टनच्या पहिल्या शिखर परिषदेला जेमतेम पंधरवडा उरलेला असताना, फेडरल रिझर्व्हने ब्राझील, मेक्सिको, दक्षिण कोरिया आणि सिंगापूर यांच्या मध्यवर्ती बँकांना प्रत्येकी ३० अब्ज डॉलरपर्यंतची सोय देऊ केली. मार्च २०२० मध्ये हे चौघे पुन्हा यादीत होते. भारत दोन्ही वेळा नव्हता. ही यादी जी-२० ने ठरवली नव्हती, त्याच्या कार्यपत्रिकेवरही ती नव्हती. कोणत्या देशाला संकटात डॉलर मिळणार, हा सर्वांत महत्त्वाचा वित्तीय निर्णय एका देशाची मध्यवर्ती बँक एकटी घेते. ज्यांची नावे यादीत नाहीत त्यांनी मग आपापली सोय पाहावी. २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने अनिवासी भारतीयांच्या परकीय चलनातील ठेवींसाठी सवलतीची अदलाबदल खिडकी उघडली आणि तिच्यातून सुमारे २६ अब्ज डॉलर आले, त्यानंतर जपानशी ७५ अब्ज डॉलरचा द्विपक्षीय करार झाला आणि परकीय चलनाची गंगाजळी वाढवत नेण्याचे धोरण तर सुरूच आहे. ज्या देशाचा समन्वयावर विश्वास असतो तो इतका मोठा स्वतःचा विमा उतरवत नाही.

एक गोष्ट दप्तरी यांच्या मुद्द्याविषयीही. बासेल-३ चा अंतिम भाग २०१७ मध्ये ठरला. अमेरिकी नियामकांनी त्याचा प्रस्ताव जुलै २०२३ मध्ये मांडला, बँकांनी कडाडून विरोध केला आणि तो तसाच रखडला, त्यावर युरोपीय संघानेही व्यापारी गुंतवणुकीच्या जोखमीविषयीचा भाग पुढे ढकलला. परिपत्रकाचा सोपा मार्गसुद्धा मोठ्या सदस्याची इच्छा असेपर्यंतच सोपा असतो.

पूर्वपक्ष :

दोघांचेही आभार. दप्तरी यांनी सांगितलेली अधिकारांची कसोटी आणि गंगाजळी यांचा आक्षेप यांत मला विरोध दिसत नाही. चलनधोरणाच्या बाबतीत अधिकार ज्या हातात आहे, तो हात बांधील नाही, इतकेच दोघांच्या मांडणीतून निघते. मात्र अडचणीत सापडलेल्या गरीब देशांच्या कर्जाचा प्रश्न या चौकटीत कुठे बसतो? तिथे तर धनको सरकारे स्वतःच सदस्य आहेत. आणि ब्रिक्ससारख्या पर्यायी व्यवस्थांनी काही फरक पडला आहे का?

प्रतिसाद ३
मुदतवाढ :

कर्जाच्या प्रश्नावर मला थोडे सविस्तर लिहू द्या, कारण समन्वयाची खरी परीक्षा इथे झाली, असे माझे मत आहे.

१९५६ पासून सरकारी धनको देशांचा समन्वय पॅरिस क्लब या अनौपचारिक गटात होत असे. गेल्या दोन दशकांत चीन हा विकसनशील देशांचा सर्वांत मोठा द्विपक्षीय धनको झाला, पण तो या क्लबचा सदस्य नाही, भारतही नाही. त्यामुळे जुने धनको आणि नवे धनको एका खोलीत बसतील, असे ठिकाण जी-२० खेरीज दुसरे उरले नाही. मे २०२० मध्ये महासाथीच्या काळात कर्जफेड स्थगितीची योजना सुरू झाली. ७३ देश पात्र होते, त्यांपैकी ४८ देशांनी तिचा लाभ घेतला आणि डिसेंबर २०२१ पर्यंत सुमारे १२.९ अब्ज डॉलरची फेड पुढे ढकलली गेली. यात माफी नव्हती, केवळ मुदतवाढ होती, आणि खासगी धनकोंना केलेले आवाहन जवळजवळ वाया गेले.

म्हणून नोव्हेंबर २०२० मध्ये कर्जाच्या पुनर्रचनेसाठी सामायिक चौकट आली. चाड, इथिओपिया आणि झांबिया यांनी २०२१ च्या सुरुवातीला अर्ज केले, पुढे घानाही आला. झांबियाची कहाणी या चौकटीची ताकद आणि मर्यादा दोन्ही दाखवते. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याने रोख्यांवरील व्याज चुकवले. सरकारी धनकोंशी ६.३ अब्ज डॉलरच्या कर्जाबाबत तत्त्वतः समझोता व्हायला जून २०२३ उजाडले. त्यानंतर रोखेधारकांशी वेगळा समझोता झाला, तर सरकारी धनकोंच्या समितीने नोव्हेंबर २०२३ मध्ये तो अडवला. खासगी धनकोंनी आपल्याइतकीच झळ सोसली पाहिजे, ही समान वागणुकीची अट त्यात पुरी होत नाही, असे समितीचे म्हणणे होते. रोख्यांची पुनर्रचना शेवटी जून २०२४ मध्ये पूर्ण झाली. या साडेतीन वर्षांत त्या देशाला नवे कर्ज मिळण्याचे मार्ग बव्हंशी बंद होते, आणि विलंबाची ही किंमत ऋणकोने मोजली, धनकोंनी नव्हे.

पूर्वपक्ष यांनी विचारले आहे की, धनको सरकारे सदस्य असूनही असे का व्हावे. मला त्याची दोन कारणे दिसतात. चौकटीत कालमर्यादा नाही, त्यामुळे ज्या धनकोला थांबणे परवडते त्याला घाई करण्याचे कारण राहत नाही. आणि एखाद्या देशाची निर्यात-आयात बँक किंवा विकास बँक ही सरकारी धनको की व्यापारी धनको, यावरच महिनोन् महिने वाद होतो, कारण त्या उत्तरावर तोट्याचा वाटा ठरतो. शिवाय ही सोय फक्त कमी उत्पन्नाच्या देशांसाठी आहे. एप्रिल २०२२ मध्ये परतफेड थांबवणारा श्रीलंका मध्यम उत्पन्न गटात असल्याने चौकटीबाहेर राहिला. त्याच्यासाठी भारत, जपान आणि फ्रान्स यांनी सहअध्यक्षपद घेऊन वेगळी समिती स्थापन केली आणि चीनच्या निर्यात-आयात बँकेने स्वतंत्र वाटाघाटी केल्या.

तरीही हे व्यासपीठ निरुपयोगी होते, असे मी म्हणणार नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये भारताच्या अध्यक्षपदाच्या काळात नाणेनिधी, जागतिक बँक आणि जी-२० अध्यक्ष यांच्या संयुक्त अध्यक्षतेखाली सार्वभौम कर्जाविषयीची गोलमेज सुरू झाली. तिथे ऋणको देश आणि खासगी धनकोही बसतात. कर्जाची माहिती कधी द्यायची, समान वागणूक मोजायची कशी, अशा कोरड्या प्रश्नांवर तिथे काम झाले आणि घानाचे प्रकरण झांबियापेक्षा बरेच लवकर मार्गी लागले. वर्तमानपत्रांत याची बातमी फारशी आली नाही.

प्रतिसाद ४
चौथी बाजू :

पर्यायांविषयी थोडक्यात. जुलै २०१४ मध्ये ब्राझीलमधील फोर्तालेझा येथे ब्रिक्स देशांनी दोन गोष्टी ठरवल्या: संकटात एकमेकांना मदत करणारी आकस्मिक राखीव निधी व्यवस्था आणि नव विकास बँक. आकस्मिक राखीव निधी व्यवस्था १०० अब्ज डॉलरची आहे. त्यात चीनचे ४१ अब्ज, ब्राझील, भारत आणि रशिया यांचे प्रत्येकी १८ अब्ज आणि दक्षिण आफ्रिकेचे ५ अब्ज, अशी वचने आहेत. पण एखाद्या सदस्याला आपल्या मर्यादेच्या ३० टक्क्यांपलीकडे रक्कम हवी असेल, तर त्याचा नाणेनिधीशी कार्यक्रम सुरू असावा लागतो. म्हणजे पर्यायाची किल्ली पुन्हा मूळ संस्थेच्याच खिशात ठेवली आहे. संकटात एकमेकांना परकीय चलन पुरवण्याच्या पूर्व आशियातील चियांग माई व्यवस्थेतही अशीच अट आहे, आणि २००८ मध्ये दक्षिण कोरियाने तिच्याकडे न वळता फेडरल रिझर्व्हचा मार्ग धरला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ज्या सावकाराला आपल्या अर्थव्यवस्थेची नस माहीत नाही, त्याने तारण मागणे समजू शकते. मात्र ब्रिक्स देशांनी एकमेकांना कर्ज देताना परीक्षणाचे काम वॉशिंग्टनवर सोपवावे, यातून त्यांचा एकमेकांवरील विश्वास किती आहे, ते कळते.

नव विकास बँकेची रचना अधिक धाडसी होती. पाचही संस्थापकांचा वाटा समान, कोणालाही नकाराधिकार नाही, मुख्यालय शांघायमध्ये आणि पहिले अध्यक्ष के. व्ही. कामत. तिने कर्जेही दिली आहेत. पण मार्च २०२२ मध्ये तिने रशियातील नवे व्यवहार स्थगित केले, आणि तेही रशिया संस्थापक भागधारक असताना. कारण उघड आहे. बँक आपला निधी मोठ्या प्रमाणावर आंतरराष्ट्रीय रोखेबाजारातून उभा करते आणि तिथे पतमानांकन टिकवायचे, तर रशियावरील निर्बंधांचे वास्तव नाकारता येत नाही. तिच्या मतदानाची रचना नवी आहे, पण निधीचा बाजार जुनाच आहे.

दप्तरी :

गंगाजळी यांचा बासेलविषयीचा आक्षेप मला मान्य आहे. त्याला एक पुरवणी जोडतो, कारण पूर्वपक्ष यांच्या टिपणाला करविषयक उदाहरणाचा उपयोग होईल. ऑक्टोबर २०२१ मध्ये बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या कराबाबत १३६ देशांची सहमती झाली आणि जी-२० ने ती उचलून धरली. केनिया, नायजेरिया, पाकिस्तान आणि श्रीलंका तिच्याबाहेर राहिले. या सहमतीचे दोन स्तंभ आहेत. पहिल्यात बड्या कंपन्यांच्या नफ्याचा काही भाग बाजारपेठेच्या देशांना मिळायचा होता. त्यासाठी बहुपक्षीय करार हवा, आणि अमेरिकी सिनेटमध्ये अशा कराराला दोन तृतीयांश मते लागतात. तो स्तंभ अजून कागदावर आहे. दुसऱ्यात १५ टक्क्यांच्या किमान कराची तरतूद आहे, आणि तो प्रत्येक देश आपल्या कायद्याने लावू शकतो. शिवाय एका देशाने न घेतलेला कर दुसऱ्याने वसूल करावा, अशी त्याची आखणी आहे, त्यामुळे मागे राहणाऱ्याचेच नुकसान होते. युरोपीय संघातील बहुतेक देश, ब्रिटन, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी २०२४ पासून तो लागू करायला सुरुवात केली. करार बंधनकारक आहे की नाही, यापेक्षा तो न पाळणे महाग पडते की नाही, याला अधिक महत्त्व आहे, असे मला यावरून वाटते.

पण गंगाजळी म्हणतात तेही इथे लागू पडते. जून २०२५ मध्ये अमेरिकी मुख्यालय असलेल्या कंपन्यांना या किमान कराच्या काही प्रमुख नियमांतून वगळण्याबाबत सहमती झाली. ती जाहीर केली जी-७ ने. शंभराहून अधिक देशांनी एकत्र बसून ठरवलेल्या नियमाचा अपवाद आधी सात जणांच्या खोलीत ठरला आणि उरलेल्यांकडे तो विचारार्थ नंतर आला.